अन्न आणि मन

(समाजाच्या शेंद्रा येथील वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आम्हांस बोलण्यासाठी जो विषय नेमून दिला तो अन्न आणि मन यांच्या संबंधाचा आहे. 'जसे अन्न तसे मन' ही म्हण आपणांपैकी कोणी ऐकली नाही असे होणार नाही. कीर्तनात बुवा सांगतात, घरी आजी सांगते, आणि अलीकडे तर सकाळच्या सुविचारांबरोबर ती भ्रमणध्वनीवरही येऊन पोहोचते. जी गोष्ट सर्वांच्या तोंडी बसली तिची तपासणी करण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. आम्ही आज ती घेणार आहोत, कारण ही म्हण आपल्या समाजात आता निरुपद्रवी राहिलेली नाही.

माळकरी घर आणि खाणारे घर असा भेद आपल्यात पूर्वीही होता. परंतु माळकरी मनुष्य आपले व्रत आपल्यापुरते पाळीत असे. शेजारच्या चुलीवर काय शिजते याची चौकशी तो करीत नसे. आता सोयरीक जुळविताना मुलीच्या शिक्षणाआधी तिच्या घरच्या चुलीची चौकशी होते. मेळाव्याचे भोजन सर्वांस एकच, तेही शाकाहारी. तरीसुद्धा गेली काही वर्षे पंगती दोन पडतात आणि भांडी वेगळी मागितली जातात. कारण विचारावे तर उत्तर तयार असते : 'त्यांचे खाणे तसे, म्हणून त्यांचे मनही तसे.' कोणाच्या व्रतावर आमचा आक्षेप नाही. ताट पाहून मनुष्याची पारख करण्याचा हा जो प्रघात पडू पाहत आहे, त्यास शास्त्राचा आणि अनुभवाचा आधार कितपत आहे एवढेच आम्हांस पाहावयाचे आहे.

प्रथम ज्या ग्रंथाचे नाव घेतले जाते तो पाहू. गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार आले आहेत, आणि सात्त्विक, राजस, तामस ही विशेषणे तेथूनच लोकांच्या बोलण्यात आली. ते श्लोक सावकाश वाचले म्हणजे दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, अमुक अन्न खाल्ल्याने मनुष्य सात्त्विक होतो असे तेथे म्हटलेले नाही. सात्त्विक वृत्तीच्या मनुष्यास अमुक अन्न प्रिय असते, असे म्हटले आहे. म्हणजे ओघ मनाकडून ताटाकडे आहे, आणि आपण तो उलटा फिरवून ताटावरून मन ओळखू लागलो आहोत! दुसरी गोष्ट अशी की, त्या श्लोकांत कांदा नाही, लसूण नाही, मांसाचेही नाव नाही. त्या साऱ्याचा विचार इतर ग्रंथांनी व परंपरांनी केला असेल, पण तो तेथे नाही. राजस म्हणून जे सांगितले ते फार कडू, फार आंबट, फार खारट, फार तिखट. या कसोटीस आपल्याकडचा ठेचा मात्र नक्की सापडतो, मग खाणाऱ्याच्या गळ्यात माळ असो वा नसो. आणि तामस म्हणून जे सांगितले ते शिळे, कस गेलेले, दुर्गंधी सुटलेले आणि उष्टे. यांतील शिळे आणि उष्टे हे दोन शब्द आपण लक्षात ठेवावेत; त्यांच्याकडे आम्हांस पुन्हा वळावयाचे आहे.

अन्नातून मन घडते असे स्पष्ट सांगणारा ग्रंथ पाहावयाचा तर तो छांदोग्य उपनिषद होय. त्याच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपला पुत्र श्वेतकेतू यास सांगतो की, खाल्लेल्या अन्नाचे तीन भाग होतात. स्थूल भाग टाकला जातो, मधल्या भागाचे मांस होते, आणि जो अत्यंत सूक्ष्म भाग त्याचे मन होते. मुलाला हे सहजी पटत नाही. तेव्हा पिता वाद घालीत बसत नाही, प्रयोग सांगतो. पंधरा दिवस काही खाऊ नकोस, पाणी मात्र हवे तेवढे पी. मुलगा तसे करतो. सोळाव्या दिवशी पिता त्यास ऋचा, यजू आणि सामे म्हणावयास सांगतो. बारा वर्षे गुरुगृही राहून वेद शिकून आलेला हा तरुण, पण त्यास एकही आठवत नाही! पिता म्हणतो, मोठा अग्नी विझून काजव्याएवढा निखारा उरला तर त्याने फारसे काही जळत नाही, तशी तुझी अवस्था आहे. जा, जेवून ये. तो जेवून येतो आणि विचारलेले सर्व म्हणून दाखवितो. निखाऱ्यावर काडीकचरा घातला की तो पुन्हा पेट घेतो, हा दृष्टान्त तेथे पुरा होतो.

या कथेत अन्न कोणत्या जातीचे होते, ते तिखट होते की गोड, हे सांगितलेले नाही. प्रश्न एवढाच आहे की, ते पोटात होते की नव्हते. अन्न आणि मन यांच्या नात्याचा पहिला धडा भुकेचा आहे. 'आधी पोटोबा, मग विठोबा' म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांना हे पक्के ठाऊक होते.

श्वेतकेतूचा प्रयोग विसाव्या शतकात फार मोठ्या प्रमाणावर पुन्हा केला गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, उपासमार झालेल्या युरोपातील लोकांना पुन्हा कसे पोसावे हे जाणण्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने १९४४ च्या नोव्हेंबरात ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग आरंभिला. हे तरुण सद्सद्विवेकबुद्धीस स्मरून शस्त्र हाती घेण्यास नकार दिलेले, आणि स्वेच्छेने पुढे आलेले होते. म्हणजे मनाने दुबळे नव्हते. उलट निश्चयाचे होते. त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवण्यात आले. वजन सुमारे पाव हिश्शाने उतरले. ते अपेक्षितच होते. परंतु मनाचे जे झाले ते विचार करावयास लावणारे आहे. हे हसरे, चर्चाप्रिय तरुण चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. थट्टाविनोद आटला, स्त्रीविषयीची ओढ उरली नाही, सार्वजनिक प्रश्नांत गोडी राहिली नाही. दिवसरात्र अन्नाचेच विचार. पाकशास्त्राची पुस्तके जमवून वाचण्याचा काहींना नाद लागला. ताटे चाटून पुसून स्वच्छ करण्याची त्यांना लाज वाटेनाशी झाली. आणखी एक बारकावा असा की, आपली बुद्धी मंदावली असे त्यांना स्वतःला वाटत होते, पण बुद्धीच्या परीक्षांत तसा उतार दिसून आला नाही. श्वेतकेतूचा निखारा तेथे विझला नव्हता. तो सारा भाकरीच्या विचारात जळत होता. या प्रयोगावरील दोन खंडांचा ग्रंथ १९५० साली प्रसिद्ध झाला.

मराठवाड्यास हे शिकण्यासाठी अमेरिकेस जाण्याचे कारण नव्हते. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली मंडळी येथे समोर बसली आहेत. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे पन्नास लक्ष माणसे दुष्काळी कामांवर होती. कोणी खडी फोडीत होते, कोणी नाल्याच्या बांधावर माती टाकीत होते. त्या कामांवर मिळणारी सुकडी, आणि परदेशातून आलेला तो लाल मिलो, यांची चव ज्यांनी घेतली त्यांना ती अजून आठवते. किती ब्रास खडी फोडली हे आता कोणास सांगता येत नाही. मिलोची भाकरी कशी लागे हे मात्र सर्वजण सांगतात. त्या पिढीतील कित्येकांच्या घरी आजही कणगी भरलेली असल्याखेरीज झोप लागत नाही. नातवंडांनी ताटात घास टाकला तर आजोबांचा पारा का चढतो, हे त्या नातवंडांना कळत नाही. 'भुकेला कोंडा नि निजेला धोंडा' ही म्हण तोंडाने म्हणणे सोपे आहे. एकदा कोंड्यावर दिवस काढलेले मन पुढे भरल्या घरातही निर्धास्त होत नाही.

येथून फार दूर नसलेल्या पैठणात श्रीएकनाथमहाराजांच्या घरची जी श्राद्धाची कथा सांगतात, तीही भुकेचीच कथा आहे. श्राद्धाच्या स्वयंपाकाचा वास रस्त्यावरून जाणाऱ्या, गावाने अस्पृश्य मानलेल्या कुटुंबाच्या नाकात गेला. त्यांच्या तोंडचे बोलणे नाथांच्या कानी पडले. आणि पितरांसाठी रांधलेले अन्न नाथांनी त्यांना वाढले. ब्राह्मणांनी बहिष्कार घातला. अन्नाच्या शुद्धतेची चिंता त्या ब्राह्मणांना होती, भुकेल्यांच्या मनाची चिंता नाथांना होती. आपण नाथांचे नाव घेतो, म्हणून हे सांगितले.

आता दुसरी पायरी. पोट भरलेले आहे, तरीही मन बिघडते, असे होते काय? होते, आणि त्याचा दाखला आपल्या ज्वारीच्याच मुलखात सापडला आहे. पेलाग्रा नावाचा एक रोग आहे. त्यात उन्हास उघडी असणारी मान आणि हात यांची कातडी काळवंडून सोलवटते, पोट बिघडते, आणि पुढे मनावर परिणाम होतो. उदासी येते, झोप उडते, माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो. अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावर जगणाऱ्या गरिबांत हा रोग इतका पसरला होता की, वेड्यांच्या इस्पितळांत त्याचे रोगी भरलेले असत. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टराने १९१५ च्या सुमारास दाखवून दिले की, हा संसर्ग नव्हे, आनुवंशिक दोषही नव्हे, हा निकस आहार आहे. पुढे १९३७ साली नियासिन या जीवनसत्त्वाच्या अभावाशी त्याचा संबंध निश्चित झाला. हाच रोग दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणाऱ्या गोरगरिबांत आढळला, आणि हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली त्यावर आपली उपपत्ती मांडली. ज्वारीतील ल्युसिन या प्रथिनघटकाच्या आधिक्यामुळे शरीराला नियासिनचा उपयोग नीट करता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. या उपपत्तीवर पुढे वाद झाले. परंतु ज्वारी आणि ज्वारीच, दुसरे काही नाही, असे ज्यांचे ताट, त्यांच्यातच हा रोग दिसतो, याविषयी वाद नाही.

यात ज्वारीची निंदा नाही. ज्वारीच्या भाकरीसारखे अन्न नाही, आणि गव्हाच्या पोळीने तिला आपल्या ताटातून ज्या वेगाने हुसकावले त्याचे आम्हांस दुःखच आहे. परंतु भाकरीबरोबर वरण, शेंगदाण्याची चटणी, अंबाडीची किंवा शेपूची भाजी, वाटीभर ताक असले म्हणजे तिचा दोष उरत नाही. शेंगदाण्यात तर नियासिन भरपूर असते. दोष एकाकी भाकरीचा आहे. पूर्वी एखादा गडी कामात लक्ष देईनासा झाला, गप्प बसू लागला, रात्री उठून हिंडू लागला, म्हणजे त्यास बाहेरची बाधा झाली असे म्हणत आणि देवऋषी गाठीत. त्यांतील किती जणांच्या ताटात महिनोन् महिने भाकरी आणि मिरचीवाचून काही पडले नव्हते, याचा हिशेब कोणीही ठेवला नाही.

भगिनींनो, आता त्या दोन शब्दांकडे वळतो : शिळे आणि उष्टे. गीतेने तामस म्हटलेले हे अन्न आपल्या घरांत कोण खाते? पुरुष जेवतात, मुले जेवतात, पाहुणे जेवतात, आणि मग उरलेसुरले घेऊन घरची लक्ष्मी चुलीपाशी बसते. सकाळची भाकरी संध्याकाळी, नवऱ्याच्या ताटातले उरलेले आपल्या पानात, भाजी संपली असेल तर चटणीवर भागविणे, ही तिची रीत. यास आपण संस्कार म्हणतो. जे अन्न आपल्या धर्मग्रंथाने सर्वांत हलके ठरविले, ते घरातील सर्वांत पूज्य म्हटलेल्या व्यक्तीस द्यावयाचे, आणि तिचे मन मात्र सदैव प्रसन्न असावे अशी अपेक्षा धरावयाची, हा न्याय आम्हांस समजत नाही.

याचे फळ आकड्यांत दिसते. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. पुरुषांत हे प्रमाण पाचांत एकाच्या आसपास आहे. मासिक धर्म आणि बाळंतपणे यांमुळे स्त्रीस लोह अधिक लागते हे खरे. म्हणजे जिला अधिक हवे तिलाच आपण कमी वाढतो! लोह कमी पडले म्हणजे नुसती धाप लागते असे नाही. थकवा येतो, कशात लक्ष लागत नाही, लहानसहान गोष्टीने संताप होतो, डोळ्यांत पाणी येते. मग 'सूनबाई तिरसट आहे', 'हिचा स्वभावच कुरकुरा' अशी तिची गावभर ओळख होते. स्वभाव म्हणून जे आपण तिच्या माथी मारतो त्यातील कितीतरी भाग तिच्या रिकाम्या ताटाचा असतो. जेवणावर लगेच चहा घेण्याची आपली सवय यात भर घालते. चहामुळे अन्नातील लोह शरीरात नीट मुरत नाही, आणि पानात पिळलेल्या लिंबाने ते अधिक मुरते. चहा तासाभराने घेतला तर काही बिघडत नाही.

एक शंका येथे आम्ही आधीच दूर करतो. कित्येक वृद्ध भगिनी म्हणतील की, आम्ही जन्मभर मागून जेवलो, आमचे काय वाईट झाले? त्यांच्या सहनशक्तीपुढे आमचे मस्तक नम्र आहे. तथापि सहन करता येते म्हणून एखादी गोष्ट करावी असे होत नाही. आणि आईच्या पोटातील लेकराने ती सहन करण्याचे व्रत घेतलेले नसते.

हे आम्ही अलंकाराने बोलत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा आणि त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला आहे. शेतात राबणाऱ्या या मातांपैकी बहुसंख्य मातांच्या रक्तात ब-१२ हे जीवनसत्त्व कमी आढळले. मुले नऊ वर्षांची झाल्यावर त्यांतील काहींची परीक्षा घेतली; २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की, गरोदरपणी ज्या मातांचे ब-१२ फार कमी होते, त्यांची मुले एकाग्रता आणि तात्पुरती स्मृती यांच्या चाचण्यांत मागे पडली; सर्वसाधारण बुद्धीच्या चाचणीत मात्र फरक नव्हता. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसते. दूध, दही, ताक, अंडी, मासे, मांस यांतून ते मिळते. मोठ्या माणसांतही ते कमी पडले म्हणजे हातापायांस मुंग्या येतात, विसर पडतो, उदास वाटते; आणि आपण म्हणतो, वय झाले.

माळकरी बंधूंनी यावरून अंडे खावे असे आम्ही सुचवीत नाही. आपल्या वारकरी परंपरेत दूध, दही आणि ताक यांस कधी मनाई नव्हती. गोपाळकाल्याचा प्रसादच दह्याचा! परंतु व्यवहार कसा आहे? दूध डेअरीला जाते, आणि घरात चहापुरते उरते. त्यातूनही राहिले तर ते मुलाच्या पेल्यात पडते, सुनेच्या नव्हे. ज्या घराने मांस वर्ज्य केले त्या घराने गरोदर सुनेच्या वाटीत दूध-दही पडते की नाही हे पाहण्याचे दुप्पट ओझे स्वीकारले आहे, आणि डॉक्टराने गोळी सांगितली तर ती घेण्यात व्रतभंग नाही. उलट खाणाऱ्या घरांनीही फुशारकी मारू नये. तेथेही रविवारचा रस्सा पुरुषांच्या पंगतीतच संपतो.

आता ज्या ठिकाणी आपण जमलो आहोत त्या शेंद्र्याविषयी. वीस-पंचवीस वर्षांमागे येथे ज्वारी, बाजरी, कापूस होता. औद्योगिक वसाहत आली, २००१ पासून स्कोडा मोटारींचा कारखाना चालू झाला, पुढे ऑरिक नगरी उभी राहिली. आपल्या समाजातील कित्येकांच्या जमिनी त्यात गेल्या आणि त्यांची मुले यंत्रावर गेली. याचे बरेवाईट मोजणे हा आजचा विषय नाही. परंतु शेतकऱ्याचे जेवण सूर्याबरोबर चालत असे. कामगाराचे पाळीबरोबर चालते. एक आठवडा सकाळची पाळी, एक दुपारची, एक रात्रीची. मध्यरात्री दोन वाजता भरपेट भात, पहाटे वडापाव आणि चहा, सकाळी घरी येऊन झोप, आणि दुपारी उठल्यावर भूक नाही. अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यास उपाहारगृह ठेवण्याचे बंधन १९४८ च्या कारखाना कायद्याने घातले, तेव्हा कामगारास अन्न मिळाले. ते कोणत्या प्रहरी घ्यावे हा विचार तेव्हा कोणी केला नव्हता.

तो आता होऊ लागला आहे. २०२२ साली अमेरिकेतील बोस्टन येथील संशोधकांनी १९ निरोगी व्यक्तींना प्रयोगशाळेत रात्रपाळीसारखे जागविले. काहींना दिवसा आणि रात्रीही खावयास दिले, काहींना फक्त दिवसा. रात्री खाणाऱ्यांत उदासीनतेचे माप सुमारे २६ टक्क्यांनी आणि चिंतेचे सुमारे १६ टक्क्यांनी वाढले. फक्त दिवसा खाणाऱ्यांत तशी वाढ झाली नाही. प्रयोग लहान आहे, त्यावर इमारत बांधू नये. पण शेंद्र्यातील कोणत्याही घरी जाऊन विचारा. रात्रपाळीच्या आठवड्यात घरचा कर्ता पुरुष कसा वागतो, हे त्याची बायको सांगेल. मुलांवर ओरडणे, कोपऱ्यात पडून राहणे, आणि सुटीच्या दिवशी 'जरा बरे वाटावे' म्हणून बाटली उघडणे. त्या बाटलीने झोप आणखी बिघडते, हे सांगावयास वेगळे व्याख्यान लागेल. आमचे एवढेच सांगणे की, रात्रपाळीस जाण्यापूर्वी संध्याकाळी घरीच मुख्य जेवण व्हावे. रात्रीच्या डब्यात थोडे, हलके असावे. आणि दिवसातून एक जेवण तरी बायकामुलांबरोबर एका ठिकाणी बसून व्हावे. हे शेवटचे औषध कोणत्याही प्रयोगशाळेची वाट न पाहता घेता येईल.

अन्नाची लाज हा आणखी एक प्रकार आहे. याच शेंद्र्यास दर चैत्रात मांगीरबाबांची यात्रा भरते. लांबलांबून, विशेषतः मातंग समाजातील, माणसे येतात, नवस फेडतात, बोकड कापून माळावर चुली मांडतात. पाठीत गळ टोचून घेण्याच्या प्रथेस आमचा विरोध आहे, आणि तो आम्ही लपवीत नाही. परंतु त्या चुलींकडे पाहून आपल्यातील काही शिकलेली मंडळी जेव्हा नाक मुरडतात आणि 'तामसी लोक' म्हणतात, तेव्हा आम्हांस वाईट वाटते. ज्यांना गावाने शतकानुशतके ताजे अन्न मिळू दिले नाही, मेलेले ढोर ओढावयास लावले आणि त्याच मांसावर जगावयास भाग पाडले, त्यांच्याच मनावर त्या अन्नाचा ठपका ठेवावयाचा! शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली प्रसिद्ध झाले. मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या खाण्यापिण्याची हकिकत आणि कृती त्यात आहेत. ते आपल्या वाचनालयात असावे असे आम्ही सुचवितो. वर्गात डबा उघडताना ज्या मुलास झाकण आडवे धरावे लागते, त्याच्या मनात काय शिजत असते, हे ओळखण्यास फार विद्वत्ता लागत नाही. आणि आज ज्या काट्याने आपण दुसऱ्यास तोलतो, त्याच काट्याने आपल्यातील माळकरी आपल्यातील खाणाऱ्यास तोलू लागले आहेत.

शेवटी एक सावधगिरीची सूचना. आजकाल अमुक फळ खा म्हणजे नैराश्य जाईल, आतडे साफ ठेवा म्हणजे मन साफ होईल, असे सांगणारे पुष्कळ निघाले आहेत. मनाच्या अवस्थेशी निगडित असे सेरोटोनिन नावाचे द्रव्य शरीरात बव्हंशी आतड्यातच तयार होते हे खरे. पण ते तेथून मेंदूत जात नाही, हे सांगावयाचे ही मंडळी विसरतात. २०१७ साली ऑस्ट्रेलियात नैराश्याच्या ६७ रोग्यांवर झालेल्या अभ्यासात, चालू उपचारांबरोबर आहार सुधारल्याने बारा आठवड्यांत सुमारे एकतृतीयांश रोगी बरे झाले. नुसत्या गप्पागोष्टींची सोबत ज्यांना मिळाली त्यांत हे प्रमाण शंभरात आठ होते. आशा वाटावी असा हा परिणाम आहे. परंतु त्यातही बहुसंख्य रोग्यांस आहार पुरला नाही. म्हणून घरात कोणी आठवडेच्या आठवडे गप्प असेल, जेवण टाकीत असेल, जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलत असेल, तर त्यास उपास सांगू नका, अंगारा लावून थांबू नका, आणि फळांच्या पाट्याही आणू नका. डॉक्टराकडे न्या, रक्त तपासून घ्या, मनाच्या डॉक्टराकडे पाठविले तर जा. नापिकीने आणि कर्जाने पिचलेल्या आपल्या मराठवाड्यात किती घरांतील कर्ती माणसे स्वतःच्या हाताने गेली, हे आपणांस सांगण्याची आवश्यकता नाही. त्या घरांत प्रथम कर्जाचा बोजा होता, ताटाचा प्रश्न नंतरचा.

आजच्या भोजनाविषयी दोन शब्द बोलून आम्ही थांबतो. कार्यकारी मंडळाशी आमचे सकाळीच बोलणे झाले आहे आणि अध्यक्षमहाराजांनी संमती दिली आहे. आज पंगत माळकऱ्यांची वेगळी आणि इतरांची वेगळी अशी पडणार नाही. पहाटेपासून ज्या भगिनी भाकरी थापीत आहेत त्या, आणि ज्यांच्या कडेवर लेकरे आहेत त्या, पहिल्या पंगतीस बसतील. वाढावयास तरुण मंडळी आहेत. त्यांनी आणि आम्हां कार्यकर्त्यांनी मागून जेवावयाचे आहे. आज रात्रपाळीस ज्यांना जावयाचे आहे त्यांनीही पहिल्या पंगतीस बसावे, आणि जेवून दोन घटका पडावे. ज्वारीची भाकरी आहे, वरण आहे, अंबाडीची भाजी आहे, शेंगदाण्याची चटणी आहे, आणि ताक मुबलक आहे. चहा तासाभराने मिळेल.